एक्सटेन्शनवरची डबी

नवीन पनवेल, मंगळवार, सायंकाळ

सूनबाईंची कार्यालयीन बैठक आज तीनदा तुटली. पुन्हा असे झाल्यास घरून काम बंद, असे साहेबांनी त्यांना बजावले आहे. आतल्या खोलीतील एक्सटेन्शन फोनवर आमच्या सौभाग्यवती बोलू लागल्या की इंटरनेट जाते.

"या फोनची फिल्टरची डबी कुणी काढली? ती नसली की फोन इंटरनेट तोडतो," चिरंजिवांनी विचारले. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. का धरले? ती लाइन मी स्वतः भिंतीला खिळे मारून ओढली आहे. तीत इंटरनेटवाल्या परक्या कारागिराने बसवलेली डबी कशाला, म्हणून मीच ती काढली होती.

अखेर डबी खिशातून काढून कबुली दिली. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, आईंना पाठीशी घालू नका."

आणि सौभाग्यवतींनी "हो गं, मीच काढली" असे सांगून टाकले. मला विचारण्याचीही गरज त्यांना वाटली नाही.