गोठ्याची कडी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, शिवणकामाची निवृत्त शिक्षिका, सध्या तीन शेळ्या, अकरा कोंबड्या आणि एका उर्मट कोंबड्याची मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, आणि त्यांना शंका असती तर त्यांनी जाताना माझ्याकडून अंडी नेली नसती. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. लिहिताना एक शेळी माझी बाही ओढते आहे, ते दडपण धरू नये.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं अंगण, गोठा आणि खुराडं, माझ्या पश्चात मुलगा व मुलगी यांना समसमान मिळावं. अंगणात फरशी घालू नये. कोंबड्यांनी उकरायचं कुठे?

कलम २. शिलाई मशीन व मोठी कात्री मुलीला. त्या कात्रीने कोणी कागद कापला तर मी असेन तिथून ओरडेन.

कलम ३. शेळ्या मुलाला. तो नको म्हणेल. शेळ्यांशी त्याचं वैर आहे, त्याचं कारण पाचव्या कलमात येईल. थोरल्या शेळीची, म्हणजे मास्तरीणबाईची, धार डाव्या बाजूला बसूनच काढावी. उजवीकडून गेल्यास ती भांड्यात पाय घालते आणि वर तुमच्याकडेच रागाने बघते. धाकट्या दोघी गरीब आहेत. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली असेल तर एकवीस दिवस वाटणीची बोलणी खुराड्याजवळ करू नयेत.

कलम ४. शेजारचे निवृत्त बस ड्रायव्हर. माझा कोंबडा अवेळी आरवतो म्हणून त्यांनी बारा वर्षांत सात तक्रारअर्ज केले. त्याच बारा वर्षांत माझ्या कोंबड्या कुंपणाखालून जाऊन त्यांच्या सरपणात अंडी घालत आल्या, त्याबद्दल मात्र त्यांनी एकही अर्ज केला नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असा सल्ला वकिलांनी दिला. म्हणून मी त्यांना साक्षीदार केलं आहे.

कलम ५. हे लिहायला मला सहा वर्षं लागली.

मुलाने घरामागे रोपवाटिका सुरू केली होती. पहिली मोठी मागणी आली होती, चारशे कलमं, दुसऱ्या दिवशी टेम्पो यायचा होता. मुलगी माहेरी आली होती. सकाळची धार तिने काढली. दुपारी गोठ्याचं फाटक सताड उघडं आणि शेळ्या रोपांत. चारशे काड्या उरल्या. मुलगा बहिणीला नाही नाही ते बोलला. ती म्हणाली, "मी कडी लावली होती रे." तो म्हणाला, "मग काय आईने उघडी ठेवली? आई कडी विसरेल का कधी?"

फाटकावर 'कडी लावा' ही पाटी माझीच. घरात येणाऱ्या प्रत्येकाला "कडी लावली का?" विचारणारी मीच. आणि त्या दिवशी मुलीच्या धारेनंतर गोठ्यात जाऊन गारठलेलं करडू दोन्ही हातांत घेऊन बाहेर आले, फाटक पायाने लोटलं आणि करडाला शेकायला घरात पळाले, तीही मीच. मुलाने ते वाक्य उच्चारलं तेव्हा मला सगळं आठवलं. पण त्याचा माझ्यावरचा विश्वास मला मोडवेना, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. मुलाने रोपवाटिका बंद करून शहरात नोकरी धरली. बहीणभाऊ तेव्हापासून बोलत नाहीत. करडू जगलं. तीच आजची मास्तरीणबाई.

सबब मुलाने बहिणीची माफी मागावी आणि दोघांनी मला माफ करावं.

इथवर लिहून मी साक्षीदारांना बोलावलं आणि सगळं वाचून दाखवलं. ड्रायव्हरसाहेब चौथ्या कलमाला हसले, पाचव्याला चष्मा पुसत बसले. सोबतच्या साक्षीदार, आमच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई, यांनी पेनाला टोपण लावलं.

"सही करते बाई," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही गेल्यावर हा कागद वाचून पोरीने भांडायचं कुणाशी?"

ड्रायव्हरसाहेबांनी फोन आणून माझ्या हातात दिला.

मुलीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "आई, मी अजून घराचं कुलूप तीन-तीनदा ओढून बघते गं. मला वाटायचं, मीच विसरले असेन." मी रडले. मग ती म्हणाली, "दादाला तू सांगू नकोस. मी सांगते. मला त्याचा चेहरा बघायचाय!"

रविवारी दोघं आली. मुलगा माझ्याशी दुपारपर्यंत बोलला नाही, ते मला मान्य आहे. बहिणीपुढे मात्र कान धरून उभा राहिला, आणि तिने त्याला धार काढायला पाठवलं. मुद्दाम उजवीकडून. त्याची दुधाने भिजलेली विजार बघून ती पोट धरून हसली. सहा वर्षांनी माझ्या अंगणात ती दोघं एकत्र हसली.

सबब कलम ५ माझ्या हयातीतच अमलात आल्यामुळे मी ते रद्द करते. बाकी कलमं कायम. फाटकावरची पाटी जागची हलवू नये. तिच्यावर मुलीने खडूने एक ओळ वाढवली आहे आणि पुसली गेल्यास मुलाने ती पुन्हा लिहावी, ही माझी शेवटची इच्छा. पाटी आता अशी वाचावी:

'कडी लावा. आई, तूसुद्धा.'

ठिकाण: गोठ्यासमोरचा ओटा
दिनांक: अकरा फेब्रुवारी

लिहून देणार: (सही) शिवणबाई
साक्षीदार १: (सही) जनावरांच्या डॉक्टरीणबाई
साक्षीदार २: (सही) शेजारचे ड्रायव्हर. सरपणातली अंडी यापुढे परत करीन.