वाचक क्रमांक एक

इस्लामपूर,
शुक्रवार, दुपार

ती. सौ. शरयूताई,

धाकट्या गंगाधरचा वाकून नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे, आणि कॉलेजात आता माझी जी शोभा होणार आहे ती पाहता आणखी आडवं पडायची गरज उरलेली नाही.) तुझ्या गुडघ्यांचं कसं काय? मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की तो अजून साड्यांच्या खालीच आहे? सुमंतभाऊजींची वकिली निवृत्तीनंतर घरातल्या घरात जोरात चालू असेलच. त्यांना नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांच्या हाती देऊ नकोस. दिलंसच तर त्यांना चष्मा सापडायच्या आत काढून घे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. ताई, फोनवर तू मध्येच हसतेस. तू हसलीस की मीही हसतो आणि सांगायचं ते बाजूलाच राहतं. यावेळी तसं होऊन चालणार नाही. छप्पन्न वर्षांचा ग्रंथपाल आपल्याच ग्रंथालयात शब्दकोशांच्या कपाटामागे खुर्ची टाकून बसलाय, का तर समोरून कोणी आलं तर तोंड दिसू नये. यावरून काय ते समज.

झालं असं. जानेवारीत मला साताऱ्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता संशोधनाचे ऑनलाइन डेटाबेस आणि ई-पुस्तकं. शिकवायला मयूरी नावाची मुलगी, तुझ्या अबोलीपेक्षाही लहान. तिनं पडद्यावर एक पांढरी चौकट दाखवली आणि म्हणाली, काय हवं ते इथे लिहा. मी रीतसर लिहिलं, ‘ऊस लागवडीच्या इतिहासावरील लेख कृपया उपलब्ध करून द्यावेत, ही नम्र विनंती.’ खाली सहीला जागा शोधतोय तोवर यंत्रानं उत्तर दिलं, शून्य लेख. मयूरीनं सगळं खोडून नुसतं ‘ऊस’ लिहिलं, तर एक्केचाळीस हजार! (म्हणजे अदबीला आता काडीची किंमत नाही.) मग ती यादी कशी चाळायची, ‘आणि’ कुठं लावायचं, काय वगळायचं, हे सगळं तिनं न चिडता शिकवलं. मी वहीत लाल शाईनं उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ई-पुस्तक उसनं कसं घ्यायचं ते झालं. चहानंतर शेवटचा अर्धा तास ते परत कसं करायचं, हे होतं. त्या अर्ध्या तासात मी कंदी पेढे आणायला गेलो. उसनं घेता आलं की परत करायला काय शिकायचं, असा माझा हिशेब. तू संक्रांतीनंतर खाल्लेस ते पेढे तेच, ताई. चांगले होते म्हणालीस. महागात पडले.

पुढं मार्च आला. मार्चात आमची वार्षिक पडताळणी असते, तुला ठाऊक आहे. तेव्हा मी तुझ्याकडे जेवायलासुद्धा येत नाही. आठ दिवस वाचकांना दार बंद. एकेक पुस्तक हातात घ्यायचं, झटकायचं, क्रमांक बघायचा, रजिस्टरात खूण करायची. कोंडीबा शिडीवरून क्रमांक ओरडतो (गेली चोवीस वर्षं तोच ओरडतो) आणि मी खाली लिहितो. यंदा कॉलेजला तीनशे सव्वीस ई-पुस्तकंही मिळालेली. आता ती हातात कशी घेणार? नुसती यादी बघून खूण करायची म्हणजे घरात डोकावून माणसं मोजण्यासारखं झालं. मी ठरवलं, प्रत्येक उघडून बघायचं. उघडायला ‘उसनं घ्या’ हे बटण दाबावं लागतं. दाबलं. पुस्तक उघडलं, पहिलं पान, शेवटचं पान, खूण. असं तीन दिवसांत तीनशे सव्वीस वेळा. शेवटी संगणक बंद केला, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. माझ्या समजुतीनं पुस्तकं आत, जागच्या जागी. संगणक बंद केल्यावर ती जाणार कुठं? ‘एकही पुस्तक गहाळ नाही’ असा अहवाल दिला आणि प्राचार्यांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. उद्यापासून कॉलेजात त्याच मीटिंगची आठवण काढून लोक चहा पितील.

आता अंजना. ही आमच्याकडे इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली की हरी हरी. माहेर औंधकडचं. नवरा शिरवळला कंपनीत, शनिवारी येतो. पोर शेजारणीकडे ठेवून ही रोज तीन नंबरच्या संगणकावर बसते. संस्थानी काळातला गावकारभार या विषयावर तिचा पीएच.डी.चा प्रबंध आहे. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली. या सोमवारी विद्यापीठात दिला नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात, आणि जूनमध्ये निघणाऱ्या कायम जागेलाही मुकणार. चौथं प्रकरण एका जाड्या ग्रंथावर उभं आहे. तो आमच्या ई-पुस्तकांत आहे, दुसरीकडे कुठं मिळत नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती आली. म्हणाली, सर, ते पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे गेलंय असं दाखवतंय. मी म्हटलं, एक ई-पुस्तक एका वेळी एकालाच मिळतं, थांबा, येईल परत. चार दिवसांनी पुन्हा आली. मग इतर मुलंही यायला लागली. कोणतंही पुस्तक मागा, वाचकाकडे गेलंय! माझ्या अंगात ग्रंथपाल संचारला. एवढी पुस्तकं दाबून कोण बसलंय? दिवसभर संगणकावर कोण असतं? अंजना. मागं एकदा नियमापेक्षा दोन पुस्तकं जास्त कोणी नेली होती? अंजनानं. आणि सारखी विचारायला कोण येतं? चोराच्या मनात चांदणं, असं मी मनात म्हटलंसुद्धा. कोंडीबानं मला सांगून पाहिलं. “आवं सायेब, बाई तशी न्हाई. डबा खायाला बी उठत न्हाई ती.” मी त्यालाच झापलं. पुस्तकं सांभाळायची की माणसं, असं काहीतरी बोललो. आता आठवलं तरी कान तापतात.

मग मी नोटीस लावली. माझ्या हातची, सुवाच्य, ‘एका संशोधक वाचकाने ई-पुस्तके अडवून ठेवून विद्यार्थ्यांचे नुकसान चालविले आहे. सदर वाचकाचे नाव कळताच ते याच फळ्यावर प्रसिद्ध केले जाईल.’ नाव घातलं नाही, यात मला सभ्यपणा वाटला. अख्ख्या कॉलेजात तिथं बसून संशोधन करणारं माणूस एकच आहे, ताई. दुपारपर्यंत स्टाफरूममध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. तिचं वाचक कार्डही मी बंद केलं. तिनं नोटीस वाचली, पिशवी उचलली आणि तासाला गेली.

पुस्तकं पुरवणाऱ्या संस्थेला मी खरमरीत ईमेल लिहिला (ईमेल मात्र मला उत्तम लिहिता येतो). ‘दोषी वाचकाचे नाव तात्काळ कळवावे, कोणाचीही भीड बाळगू नये.’ बाळगली नाही त्यांनी. काल उत्तर आलं, प्राचार्यांनाही त्याची प्रत होती. वाचक क्रमांक एक, गंगाधर, ग्रंथपाल, एकूण उसनी पुस्तकं तीनशे सव्वीस, परत शून्य. खाली एक ओळ जास्तीची, एवढी पुस्तकं एकाच माणसानं तीन दिवसांत घेणं संशयास्पद वाटल्यानं कॉलेजचं खातं चौकशीसाठी दहा दिवस बंद ठेवत आहोत. म्हणजे परत करायची म्हटली तरी आता कोणाला मिळणार नाहीत. मी ती ओळ चार वेळा वाचली.

तेवढ्यात कोंडीबा हातात टाचण्यांची डबी घेऊन आला. “नाव आलंय म्हनं सायेब. लावू का फळ्यावर?” बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, तो नोटिशीप्रमाणे वागत होता. मी म्हटलं, राहू दे. मग सगळे चहाला गेल्यावर मी नोटीस काढली, घडी करून खिशात घातली. त्या जागी दुसरा कागद लावायला हवा होता. नाही लावला. त्याचीच मला खरी लाज वाटते, ताई. चूक झाली ती अडाणीपणानं, पण कागद लावला नाही तो पुरता शहाणा असताना.

आणि मग अंजना आली. फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, “सर, पुस्तक मिळेल का आता? सोमवार जवळ आलाय.” मी काय म्हणालो असेन? ‘तांत्रिक अडचण आहे.’ एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो, संदर्भ खरा द्या. आणि स्वतः पोरीच्या तोंडावर हा संदर्भ दिला! ती “बरं” म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं गं.

बाकी सर्व ठीक. प्राचार्यांनी उद्या अकरा वाजता लेखी खुलासा मागितला आहे. हाताशी पुरवण्या घेऊन बसलो आहे. तुझी पथ्यं सांभाळ. पट्टा बांध. अबोलीला आशीर्वाद.

तुझा, तोंड दाखवायला जागा नसलेला,
गंगाधर

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. ते गावकारभाराचं जाडं पुस्तक दुसरीकडे कुठं मिळत नाही, असं वर लिहिलंय. एका ठिकाणी मिळतं. तुझ्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, कायद्याच्या पुस्तकांमागे. हिरवी बांधणी, सतराव्या पानावर आमच्या कॉलेजचा शिक्का. अठरा वर्षांपूर्वी भाऊजींनी दोन दिवसांसाठी म्हणून नेलं, आणि घरचाच माणूस म्हणून मी नोंद केली नाही. पुढं पडताळणीत ते कमी भरलं, तेव्हा मी रजिस्टरात ‘वाळवीने नष्ट’ असं लिहून सही केली. ती वाळवी सांगलीत सुखरूप आहे आणि तीन वेळा चहा पिते, हे मला ठाऊक होतं. तरी ते पुस्तक हे पत्र आणणाऱ्या व्यक्तीजवळ दे. भाऊजींनी पानं दुमडली असतील तर तेवढी सरळ कर.

ता. क. दोन. पत्र घेऊन आलेली ती अंजनाच. उद्या सकाळच्या एसटीनं निघेल म्हणाली. ‘माझ्या बहिणीकडे एक प्रत आहे’ एवढंच मी तिला सांगितलं, तर तिनं माझेच आभार मानले. तिला उपाशी धाडू नकोस.

ता. क. तीन. पाकीट मी मुद्दाम चिकटवलेलं नाही. इथून सांगलीपर्यंत तास-सव्वा तास जातो, तेवढ्यात एवढं सहज वाचून होतं. तुला ते चिकटवलेलं मिळालं तर समज, तिनं वाचलंय आणि वाचल्याचं झाकायला चिकटवलंय. मग तू काही बोलू नकोस, ती काय बोलते ते मला कळव. आणि उघडंच मिळालं तर समज, पोरगी नको तेवढी सरळ आहे. मग जेवण झाल्यावर तिला समोर बसव आणि तूच हे मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस. मी दोनदा तिच्यापुढं उभा राहिलो, ताई, दोन्ही वेळा खरं ते तोंडातून निघालं नाही.