उभी लाट, आडवी लाट

मास्तर,

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात ते माझ्या बापाची समजूत घालायला. सन तीस साली गावात मार्शल लॉ लागला, त्याच्या आधीची गोष्ट. मी मॅट्रिकला बसावं असं तुमच्या मनात होतं, आणि बापाच्या मनात मी दुसऱ्या मागावर बसावं असं होतं. दोन खोल्यांचं घर, त्यातली मोठी मागानं अडवलेली. पाहुण्याला टेकायला उरायची ती भिंत. तुमच्या काळ्या कोटाची पाठ चुन्यानं पांढरी झाली आणि ते तुम्हाला सांगायचं धाडस आमच्यापैकी कोणाला झालं नाही. आईनं भीत भीत दिलेला चहा तुम्ही प्यायलात, पण तुमचं लक्ष सारखं मागाकडे. शेवटी न राहवून तुम्ही ताणलेल्या धाग्यांवर बोट मारलंत, वाद्याची तार छेडावी तसं. बाप घरात तेलुगू बोलायचा, तुमच्यासाठी मराठीत म्हणाला, "तुटंल की मास्तर, ताणा हाय तो." तुम्ही ओशाळून हात मागे घेतलात. तरी बोलणी जमली. एक वर्ष शिकू दे, नापास झाला तर मागावर, असं बापानं कबूल केलं. तुम्हाला सोडायला मी सात रस्त्याच्या चौकापर्यंत आलो, तर वाटभर तुम्ही माझ्या परीक्षेविषयी एक अक्षर बोलला नाहीत. सगळं बोलणं त्या थरथरणाऱ्या धाग्यांचं.

मग ध्वनीचा धडा आला. पुस्तक इंग्रजी, आणि लाँजिट्यूडिनल हा शब्द वर्गात कोणाच्याही तोंडात मावेना. मंद्रूपचा एक पोरगा त्यातली दोन अक्षरं दर वेळी गिळून टाकायचा. तुम्ही पुस्तक मिटता. खांद्यावरचं उपरणं काढून टेबलावर अंथरता. हा लांबीनं जातो तो उभा धागा, ताणा. हा रुंदीनं जातो तो आडवा, बाणा. दोरीला झटका दिला की लाट पुढे जाते आणि दोरी मात्र आडवी हलते, म्हणून ती बाण्याची लाट, ट्रान्सव्हर्स. आवाजाचं तसं नाही. लाट ज्या वाटेनं निघते त्याच वाटेवर हवेचे कण पुढे-मागे होतात, म्हणून ती ताण्याची लाट, लाँजिट्यूडिनल. फळ्यावर तुम्ही ताणा आणि बाणा असं मोठ्या अक्षरांत लिहिलंत. अर्धा वर्ग विणकरांच्या पोरांचा. आमच्या घरातले शब्द शाळेच्या फळ्यावर आम्ही कधी पाहिले नव्हते. आम्हाला हसू आलं, थोडी लाजही वाटली, आणि त्या दिवसापासून मी तुमच्या तासाची वाट बघायला लागलो.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. हवेतला आवाज कोणत्या प्रकारची लाट, कारणासह लिहा. मी खूश. डोळे मिटले तर समोर आमचा माग. कण पुढे-मागे होतात, बरोबर. मागावर पुढे-मागे काय होतं? धोटा. ताणा बिचारा जागच्या जागी ताणलेला असतो, या काठापासून त्या काठापर्यंत धावतो तो धोटा, आणि धोट्यातून सुटतो तो बाणा. म्हणजे आवाज बाण्याची लाट. ट्रान्सव्हर्स. मी पानभर लिहिलं, आकृत्या काढल्या, पुढच्या प्रश्नातल्या नळीतली हवासुद्धा आडवी हलवली. पेपर सुटला तेव्हा फाटकाशी तुम्ही उभे होता. मी धोट्यासकट सगळं उत्साहानं सांगितलं. करमाळ्याहून आलेला माणूस, तुम्ही आयुष्यभर कापड पाहिलं होतं, मी माग पाहिला होता. हे तुमच्या ध्यानात तिथल्या तिथं आलं असणार, मला यायला दोन दिवस लागले.

विज्ञानात मी नापास झालो. बापानं दुसऱ्या मागाचा खड्डा झाडून घेतला. मी त्यात पाय सोडून बसलो होतो तेव्हाच तुम्ही पुन्हा आलात. या खेपेला भिंतीला टेकला नाहीत, उभे राहूनच बोललात. "पोरगा चुकला नाही. चूक माझ्या दाखल्याची. अजून एक वर्ष द्या." एवढे शिकलेले मास्तर चूक कबूल करतात म्हटल्यावर बाप गडबडला. त्यानं एकदम होकार दिला.

ते दुसरं वर्ष मला अजून आठवू नयेसं वाटतं. ध्वनीच्या तासाला तुम्ही पुस्तक उघडलंत आणि व्याख्या लिहून द्यायला लागलात. उपरणं खांद्यावरून हललं नाही. मंद्रूपचा तोही माझ्यासारखा मागे राहिलेला. तो म्हणाला, "सर, ते ताण्या-बाण्याचं सांगा की." तुम्ही खडू खाली ठेवलात. "त्या दाखल्यानं ह्याचं एक वर्ष खाल्लं. आता पाठ करा." ह्याचं म्हणजे माझं, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. मी पाठ केलं आणि पास झालो. पेढे घेऊन आलो तेव्हा तुम्ही पाठीवर हात ठेवलात, पण पुढच्या कोणत्याही वर्गाला तुम्ही काही अंथरून दाखवल्याचं माझ्या ऐकण्यात आलं नाही. फार वर्षं उरलीही नव्हती म्हणा. तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. तुमच्या दारात उभा असताना मला सारखं वाटत होतं, या माणसातलं काहीतरी माझ्या त्या पेपराबरोबरच गेलं होतं.

काल नात हा धडा घेऊन बसली होती. परवा तिची परीक्षा. तिला लाटा कळेनात, म्हणून मी माझी शाल पसरली, ताणा-बाणा दाखवला आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "धोट्याकडे बघू नकोस, लाट कापडाच्या लांबीनं निघालीय असं समज." तिनं बोट शालीच्या लांबीनं फिरवलं. "मग ताणा तिच्याबरोबर जातोय आणि बाणा तिला आडवा. सोपंय की," म्हणाली आणि पुस्तक घेऊन उठून गेली. मी तिथंच बसून राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता, मास्तर, पण मला तुमचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला. एवढी घाई कशाला केलीत? दाखला चांगला होता. त्याला एक वाक्य कमी पडत होतं, आणि ते मला सुचेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. खरं सांगायचं तर राग तुमचा नाहीच. ते वाक्य फार साधं आहे, त्याच वर्षी मला सुचायला हवं होतं.