फळीवरचा पडदा

३ एप्रिल १९७४
सकाळी नळ आलाच नाही. सारी गल्ली घागरी घेऊन माह्या दारासमोरच्या नळापाशी उभी. वॉर्डाच्या हापिसात गेली तं क्लार्क म्हणते, नळाची येळ बदलली, नोटीस लावली होती. कुठं? तं म्हणे, आतल्या खोलीत, कपाटामागं. म्हटलं, लावली का लपवली गा? जनतेपासून काही लपलं नाही पाहिजे. वाक्य चांगलं निघालं, म्हणून लिहून ठेवलं.

५ एप्रिल
मेंबर चंपतरावाले रस्त्यातच धरलं. मत मागाले माही गल्ली सापडते, नोटीस लावाले काहून नाही सापडत? माह्या भिंतीवर नोटिशीची फळी ठोक म्हटलं. हो मावशी म्हणाला. भेते मले.

१६ एप्रिल
फळी लागली. लकडगंजचं सागवान, वरून काच. नारळ चंपतरावानं फोडला, भाषण मी केलं. आता सारं उघडं.

१९ एप्रिल
उन्हानं शाई उडते. जुन्या लुगड्याचा पडदा शिवून लावला. ज्याले वाचाचं त्यानं मले आवाज द्यावा.

२२ एप्रिल
दुपारी आवाज देऊ नये, मी झोपते. सकाळी पाणी भरते. संध्याकाळी भजन. बाकी केव्हाही या.

२६ एप्रिल
समोरची गोपिका न विचारता पडदा वर करून पाहून राहिली होती. हटकलं तं म्हणते, फळी तुही आहे का वं? भिंत माही, लुगडं माहं, मंग फळी कोणाची? दिवाळीपासून माही चाळणी दाबून बसली आहे. चाळणी येईपर्यंत तिले फळी बंद.

४ मे
शिपाई शालिकराम नवी नोटीस लावून गेला. चष्मा दुरुस्तीले आहे, हे बी अंदाजानंच लिहून राहिली. पण मे महिन्यात मच्छराच्या दवाईबिगर काय राहते? सून म्हणे, वाचून देऊ का? म्हटलं, तू भाजी पाहा, करपून राहिली. गल्लीत सांगून आली, मटके झाकून ठेवा. साऱ्याईनं झाकले. गोपिकेनं बी. पाहा, फळी असली का लोकाईले कळते.

२० मे
दोन माणसं आली अन् दारासमोरचा नळ उपटाले लागली. कोणाले विचारून? तं म्हणे, आजी, पंधरा दिवस नोटीस होती. नळ रेल्वे फाटकापाशी नेतो, हरकत असंल तं कळवा म्हणून. एकाची बी हरकत नाही आली.
सुनेनं पडदा वर करून वाचलं. खरं आहे. मुदत काल संपली. मच्छराचं नावही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गोपिका दारात उभी आहे. एका हातात रिकामी घागर, दुसऱ्या हातात माही चाळणी. म्हणते, हे घे वं तुही चाळणी, आता दाखव फळी.
जबाब चंपतरावानं द्यावा. तो सापडला नाही तं सुनेनं द्यावा. मी झोपली आहे.