साहेबाशी बोललीस ती तू

प्रिय माय,

तू वाचायला शिकली नाहीस, म्हणून तुझ्या नावानं पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. वसतिगृहातून लिहायचे ते बाबांच्या नावानं, आणि ते तुला वाचून दाखवायचे. आज तुलाच लिहिते आहे, कारण तुझ्या नातवानं माझं डोकं फिरवलं आहे.

प्रमोदनं, तू गेल्यावरच्या तुझ्या पुण्यानुमोदनाला वाटायचा कागद छापायला काढला आहे. आत्या कॉन्व्हेंटात शिकलेली, आयुष्यभर मास्तरीण, म्हणून तपासायला माझ्याकडे पाठवला. वर तुझा फोटो आणि खाली दोन ओळी: 'साधीभोळी, कष्टाळू माउली. सौंसरच्या पलीकडचे जग तिने कधी पाहिले नाही.' शुद्धलेखनाची चूक एकही नाही. बाकी सगळंच चूक आहे.

फोन केला तर म्हणतो, "आत्या, चांगलंच तर लिवलं ना. लोकायले साधी मानसं आवडतात."

लोकांना आवडावीस म्हणून तुला साधीभोळी करायची? तू? संत्र्याचे बगीचे घेणारे व्यापारी ज्या बाईच्या तोंडी लागायला घाबरायचे, ती साधीभोळी?

आणि मध्य प्रदेशची राजधानी, भोपाळ, तू पायी फिरून पाहिलीस, त्याचं काय? मी सोबत होते. फोनवरच सांगणार होते त्याला. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागतं, आणि तिथं माझी जीभ अडली. म्हणून आधी तुझ्यापाशी बोलते.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. बाबा तेव्हा नव्हते. शिक्षिका म्हणून माझी निवड झाली होती, पण नेमणुकीचा कागद येईना. सौंसरवाले छिंदवाड्याकडे बोट दाखवायचे, छिंदवाड्यावाले भोपाळकडे. तू म्हणालीस, "मंग भोपालले जाऊ. हात तं कोन्हाचा संपतच नाही दाखवता दाखवता." पांढुर्ण्याला गाडीत बसलो. तिगाव आलं तशी तू खिडकीतून बोट दाखवून म्हणालीस, "इथवर मी पायी आली हाय, तोड्याले." संत्र्याच्या तोड्यासाठी तू कुठवर चालत गेली होतीस हे मला त्या दिवशी कळलं.

कार्यालयाच्या दाराशी मी तुला काय म्हटलं ते तुला आठवत असेलच. "तू बाहेरच थांब, माय. आत काही बोलू नको." तुझं ते नऊवारी, प्लॅस्टिकच्या चपला, आणि तुझी बोली. माझी इस्त्रीची साडी होती आणि इंग्रजी होतं. तू पायरीवर बसलीस.

आत बाबूनं फाईल उघडली. आडनाव वाचलं, नागपूरच्या शाळेचा दाखला पाहिला आणि म्हणाला, "सौंसर? वो तो महाराष्ट्र में है. आप उधर नौकरी ढूँढ़िए." निवासाचा दाखला त्याच फाईलीत होता. मी तसं सांगितलं. त्यानं फाईल मिटली. "साहब देखेंगे. चार बजे." ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरतच आलं होतं, हे शेजारच्या टेबलावरच्या माणसानं हळूच सांगितलं.

मी रडवेली बाहेर आले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि उठलीस. "चार वाजाले लय येळ हाय. चाल, गाव पाहू."

मी सिटी बसचं नाव काढलं. तू म्हणालीस, "बसमंधून पाह्यलं तं बसवाल्यानं दाखवलं तेच दिसते."

आणि चाललीस की काय चाललीस! मी नव्या सँडलमध्ये लंगडत मागे, तू पुढे. रस्त्याच्या कडेला पोह्यांची गाडी होती. गाडीवाल्यानं पोह्यांवर शेव टाकून पुडा हातात दिला. तू पुड्यात पाहिलंस, त्याच्याकडे पाहिलंस. "रस्सा कुठी हाय?"

"कैसा रस्सा, अम्मा?"

"पोह्यावरचा, बाप्पा. सुके पोहे का घशात अडकवाले देता का?"

तो हसला आणि भरपाई म्हणून दोन जिलेब्या ठेवल्या. मी उचलणार तर तू माझा हात धरलास. "जिलबी काहाची? नोकरी कुठी लागली अजून?" कागदात गुंडाळून ओच्यात बांधल्यास.

मोठ्या तलावावर थांबलो. मी इतिहास सांगायला लागले, कुठल्या राजाचा वगैरे. तू पाण्याकडे बघत म्हणालीस, "येवढं पानी अन् काठावर एक बगीचा नाही." पुढे जुन्या शहरात मशिदीच्या पायऱ्यांजवळ चहा घेतला. पहिल्याच घोटाला तू दुकानदाराला खबर दिलीस, "चायात मीठ पडलं तुमच्या." तो म्हणाला, पडलं नाही, घातलंय, इथं असाच पितात. तू तो कप संपवलास, दुसरा मागितलास, आणि मला म्हणालीस, "मीठ घालून चाय पेतात हे लोक. अन् तू आपल्या बोलन्याले लाजते." मी मान खाली घालून चहा प्यायले.

चौकात संत्रेवाला ओरडत होता, "नागपुरी ले लो, नागपुरी!" तू थबकलीस. एक फळ उचललंस, देठ पाहिला. मग पेटीवरचा रंगानं काढलेला शिक्का. "हा तं आपल्याच व्यापाऱ्याचा हाय."

प्रमोदला हेही माहीत नसेल. पेट्या भरणाऱ्या तुम्ही बायका. एखाद्या पेटीत सडकं फळ निघालं की व्यापारी सगळ्यांनाच बोल लावायचा. म्हणून तुम्ही पेटीच्या तळाशी, कोपऱ्यात, तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, काड्यांची एक एक गाठ ठेवायला लागलात. प्रत्येकीची वेगळी. कुणाची पेटी, ते पुढे भांडण निघालं तर सांगता यावं.

"ये नागपुर का नहीं है," तू तुझ्या हिंदीत त्याला सुनावलंस. "हमारा है. सौंसर का."

"अम्मा, बरसों से बेच रहा हूँ."

"तू बेचता. हम भरते."

लोक जमले. मी तुझा पदर ओढत होते. संत्रेवाल्यानंही हट्टाला पेटून एक पेटी रिकामी केली. तू तळाच्या तणसात हात घातलास आणि गाठ काढलीस. बारकाईनं पाहून तोंड वाकडं केलंस. "माही नोहे. शांतीची हाय. पाहा कशी ढिली बांधली." दीड-दोनशे मैल लांब आपल्या शेजारच्या घरात बसलेल्या शांताकाकूला तू भोपाळच्या भर चौकात नावं ठेवलीस, आणि तुझे डोळे मात्र भरले होते. संत्रेवाल्यानं दोन संत्री आणि पेटीची एक निघालेली फळी तुला दिली. तिच्यावर हिंदीत लिहिलं होतं: सौंसर, जिला छिंदवाड़ा, म.प्र. मी ते तुला वाचून दाखवलं. तू फळी काखेत मारलीस.

चार वाजता साहेब आले. बाबूनं तेच पालुपद लावलं. शाळेत सिस्टर शिकवायच्या, तोंड उघडण्याआधी विचार करा. मी विचार करत राहिले. इंग्रजीची तीन वाक्यं जुळवली, एकही बाहेर आलं नाही. तेवढ्यात दार लोटून तू आत आलीस. शिपाई मागून "अम्मा, अम्मा" करत होता. तू फळी साहेबांच्या टेबलावर ठेवलीस, वर दोन संत्री.

"साहब, ये पढ़ो. हमारा फल चलता तुम्हारे भोपाल में. तो हमारी पोट्टी काहे नहीं चलती?"

साहेबांनी फळी वाचली. फाईल मागितली, पानं उलटली, निवासाचा दाखला काढून बाबूसमोर धरला. आदेशावर सही केली आणि मग एक संत्रं सोलायला घेतलं.

बाहेर पायरीवर बसून आपण त्या जिलेब्या खाल्ल्या. गार, चिवट, ओच्याचा वास लागलेल्या. इतकं चांगलं मी पुन्हा काही खाल्लं नाही.

आणि गावात येऊन तू काय सांगितलंस, माय? शांताकाकूच्या हातावर तिची गाठ ठेवलीस, "घे, तुह्याआधी तुही गाठ राजधानी पाहून आली." आणि मग सगळ्या बायांसमोर, "माही सुशी सायबाशी अशी इंग्रजीत बोलली, सायब गार पडला." का सांगितलंस असं? मी तिथंच उभी होते. सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. मी गप्प राहिले. पुढे नोकरीत, घरात, निवृत्तीच्या समारंभातसुद्धा लोकांनी ती गोष्ट सांगितली आणि मी गप्प राहिले. तू दिलंस म्हणून मी घेतलं. पण तू तरी एकदा चिडायचंस ना माझ्यावर.

काही वर्षांनी भोपाळच्या वायुगळतीची बातमी आली. तू घरातल्या कामाला हात न लावता दिवसभर बसून होतीस. "त्या संत्र्यावाल्याचं काय झालं असन व?" जिनं गाव कधी पाहिलंच नाही, तिला असा प्रश्न पडतो का?

प्रमोदच्या कागदावरच्या दोन्ही ओळी मी खोडल्या आहेत. त्याला लिहून दिलं आहे: 'आमची आजी भोपाळ पायी फिरली आणि तिथल्या साहेबाला तिने सौंसर कुठे आहे ते दाखवले.' तो विचारेल, साहेबाशी तर तू बोलली होती ना, आत्या?

रविवारी सगळे जमतील. शांताकाकूही येईल, आता काठी टेकत येते. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर मी उभी राहून सांगेन की त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. आपल्या बोलीत सांगेन, सगळ्यांना कळेल असं. आणि या वेळी आधी विचार करत बसणार नाही.

तुझीच,
साहेबासमोर मुकी झालेली पोट्टी,
सुशी