एप्रन घालून मतदान

सोमवार, ४
छप्पर गळतं म्हणून आमच्या शाळेतलं मतदान केंद्र बंद! त्याच छपराखाली पोरं वर्षानुवर्षं भिजतायत, ते चालतं. येत्या रविवारी मत द्यायचं टेकडीवर, बंगलेवाल्यांच्या क्लबात. तिथल्या शाळेला पोहायचा तलाव आहे. आमच्या शाळेत पाणी वरून येतं, एवढाच फरक.

मंगळवार, ५
आमच्या शाळेचे मास्तर टेकडीवर चौकशीला गेले. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "बंगल्याची चिठ्ठी दाखवा." गोरी माणसं गाडीची काचही खाली न करता आत जात होती म्हणे. हा रखवालदार आमच्याच रंगाचा, आमच्याच वस्तीत वाढलेला — तरी ओळख दाखवली नाही मेल्याने!

सासूबाईंनी सत्तरी गाठली, पण मत कधी दिलेलं नाही. कधी यादीत नाव नाही, कधी कागद कमी, दर वेळी काहीतरी खुसपट. म्हणाल्या, "एकदा तरी देऊन मरते गं."

बुधवार, ६
लॉन्ड्रीत इस्त्री करताना डोक्यात प्रकाश पडला! टेकडीवरच्या नोकरांचे एप्रन आमच्याकडेच धुवायला येतात. आणि एप्रन घातलेल्या बाईला फाटकावर कोणी हटकत नाही — कपडे पोचवायला मीच जाते, मला ठाऊक आहे.

लॉन्ड्रीच्या मुकादमबाई म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही. गाठोडी सोमवारी गेली तरी चालतील." देव त्यांचं भलं करो!

शुक्रवार, ८
सासूबाईंना एप्रन कडक स्टार्च केलेला हवा. नखरे बघा!

रविवार, १०
दिलं! सासूबाईंनी मत दिलं!

वस्तीतल्या आम्ही सगळ्या एप्रन घालून दोघीदोघी, तिघीतिघी करून निघालो. मास्तर आचाऱ्याच्या कोटात, कोट गुडघ्याखाली लोंबतोय. हसू आवरेना. रखवालदाराने मान वर करूनही पाहिलं नाही. कसला बावळट! पुढे एका बंगल्यातल्या बाईने सासूबाईंना अडवलं, "चांदीची भांडी पुसून झाली का?" या म्हणाल्या, "झाली बाईसाहेब, लख्ख!" आणि तडक क्लबात.

आत यादीत नाव सापडेना. माझा जीव टांगणीला. सापडलं एकदाचं! त्यांनी एप्रन काढला, घडी करून माझ्या हातात दिला, केस सारखे केले आणि गेल्या. बाहेर आल्या त्या डोळे पुसत. "बटण दाबलं की आवाज येतो, तुला माहीत होतं?" मला रडूच फुटलं.

मंगळवार, १२
संध्याकाळी दारात रखवालदार. अंगात गणवेश नाही. नोकरी गेली — एका सकाळी इतके नोकर आत कसे सोडलेस म्हणून.

"आणि तू आमच्याच दारी आलास, म्हणजे तुला कळलं होतं?" मी विचारलं.

हसला. "मास्तरांनी अक्षरं शिकवली मला. कोट घातला म्हणून ओळखणार नाही होय?"

सासूबाईंनी विचारलं, "आणि तुझं मत रे?"

"मी रांगेत गेलो असतो, तर फाटकावर दुसराच कोणी उभा असता, काकू."