बर्फाचे गोदाम आणि एक कॅसेट

मी, खाली सही करणारा, बंदर कचेरीतील निवृत्त कारकून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला दवाखान्यातील डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला लिहिताना डॉक्टर म्हणाले, "डोकं उत्तम आहे, रक्तदाब तेवढा रागावलेला दिसतो." राग आहे हे मला मान्य आहे. पण हे रागाच्या भरात लिहिलेले नाही. त्या रागाला आता बराच काळ लोटला असून तो टेबलाशी बसून लिहिण्याइतका थंड झाला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी मागे ओढून पाहिले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते व त्यात बर्फाचे गोदाम गावाच्या इतिहास मंडळाला दिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करतो. कारण पुढे येईल.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या भाचीने करावी. ती माझ्या दिवंगत पत्नीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बाजारात तिचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान आहे. ती उलट बोलते, पण हाती घेतलेले काम अर्धवट टाकत नाही. आम्हाला मूलबाळ नाही.

२. माझे राहते घर, आतील सर्व सामानासह, भाचीला द्यावे. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, हे तिला माहीत आहे. पुढे घर विकले तर घेणाऱ्याला तेवढे सांगावे. माझ्या पत्नीचे कपडे मी कोणाला दिलेले नाहीत. ते कोणाला द्यायचे हे भाचीने ठरवावे. मला ते जमले नाही.

३. बँकेत जे काही शिल्लक असेल, त्यातून माझा शेवटचा खर्च भागवावा. उरेल त्यातून दवाखान्याच्या ओसरीवर बाक करून द्यावेत, पाठ टेकता येईल असे. माझी पत्नी त्या दवाखान्यात परिचारिका होती. आजारी माणसे तिथे ताटकळत उभी राहतात, यावरून ती रोज घरी येऊन चिडायची. बाकांवर कोणाचेही नाव घालू नये.

४. माझ्या धाकट्या भावाला काहीही देऊ नये. का, ते त्याला माहीत आहे. तो नाही म्हणाला तर त्याच्या बायकोला विचारावे.

५. बाहेरच्या खोलीतील आरामखुर्ची. इतिहास मंडळाचे अध्यक्ष घरी आले की न विचारता याच खुर्चीत बसत आणि उठताना दर वेळी म्हणत, "अशी खुर्ची आता मिळत नाही बरं का, तुमच्यानंतर आमच्या संग्रहालयात शोभेल." माझ्यानंतर ती फोडून सरपणाला वापरावी. लाकूड सागाचे आहे, चांगले जळेल.

६. बर्फाचे गोदाम. बंदराच्या उतारावरचे हे दगडी गोदाम माझ्या वडिलांनी बांधले. ते बोटींना बर्फ पुरवत. बंदरावरच बर्फाचा कारखाना निघाल्यावर गोदाम बंद पडले, आणि माझ्या पत्नीने मागितले म्हणून मी ते मंडळाला वापरायला दिले. भाडे कधी घेतले नाही. लेखी काही केले नाही.

गावाचा इतिहास जपण्याचे खूळ तिचेच. म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधता बांधता ती त्यांना जुन्या गोष्टी विचारायची. पुढे तिने एक टेपरेकॉर्डर घेतला आणि सुटीच्या दिवशी घरोघर जाऊ लागली. शिडे शिवणारा, जाळी विणणाऱ्या बायका, दीपगृहाचा जुना रखवालदार, सगळ्यांना तिने बोलते केले. बोलते करणे सोपे नसते. हे मी अनुभवाने सांगतो, कारण मलाही तिनेच बोलते केले होते. लोकांनी जुने नांगर, कंदील, वल्ही आणून दिली, ती गोदामात मांडली. पाच-सहा माणसे रविवारी येऊन पुसपास करत, चिठ्ठ्या लावत. एवढेच मंडळ होते. मग मंडळाची रीतसर नोंदणी झाली आणि अध्यक्ष आले. ते बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. पत्नी त्यांना घरात 'माईकवाले' म्हणायची. पण काम चालते ना, मग असू देत, असेही म्हणायची.

ती गेली. त्यानंतर अध्यक्ष घरी आले आणि म्हणाले, सगळ्या कॅसेट द्या, आम्ही कॉम्प्युटरवर चढवतो, म्हणजे कायमच्या राहतील. मी दिल्या. माझ्या हाताने पेटीत रचून दिल्या.

तिच्या स्मरणार्थ गोदामात कार्यक्रम ठेवला. मी कार्यक्रमांना जात नाही. त्या दिवशी गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो. मला तिचा आवाज ऐकायचा होता. हे मी कोणाला सांगितले नव्हते. घरात तिचे फोटो आहेत. आवाज नाही. एका घरात राहणारी माणसे एकमेकांचे आवाज भरून ठेवत नाहीत.

अध्यक्षांचे भाषण झाले. मग त्यांनी आवाज सुरू केला. शिडे शिवणारा म्हणाला, "हो, हो. अगदी तसंच." थोड्या वेळाने, "नाही गं बाई, ते नको विचारूस." मग जाळीवाल्या आजी म्हणाल्या, "कोण, तो? तो तर पळालाच!" लोक हसले. कोणी काही विचारतच नव्हते आणि म्हातारी माणसे उत्तरे देत होती. वेड्यासारखी वाटत होती. ती माणसे वेडी नव्हती. त्यांच्यासमोर एक बाई बसली होती. मी शेवटपर्यंत थांबलो. ती एकदाही बोलली नाही.

नंतर मी अध्यक्षांना विचारले, "बाईंचा आवाज?"

"काढला ना! मध्ये मध्ये येत होता हो, रसभंग व्हायचा. आता बघा कसं स्वच्छ झालंय."

"मूळ कॅसेट कुठे आहेत?"

"अहो, बुरशी धरली होती. टाकून दिल्या. सगळं कॉम्प्युटरवर आहे, तुम्ही अगदी निश्चिंत राहा." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भाषणात बाईंचं नाव घेतलंय की मी. दोनदा!"

कापलेले तुकडे कुठे ठेवले आहेत का, हेही मी विचारले. अध्यक्ष हसले. म्हणाले, "कचरा कोण ठेवतं?"

सबब, गोदाम मी धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायकांच्या संस्थेला देत आहे. त्यांना बसायला सावली नाही आणि टोपल्या ठेवायला जागा नाही. वकील सांगतील तेवढ्या मुदतीत मंडळाने जागा रिकामी करावी. गावकऱ्यांनी दिलेल्या वस्तू ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या कराव्यात. अध्यक्षांनी दिलेल्या वस्तूंत त्यांचेच निरनिराळ्या उद्घाटनांचे फोटो आहेत. ते जपून उतरवावेत, काच फुटू नये. खिळे मात्र भिंतीत तसेच राहू द्यावेत, बायकांना टोपल्या अडकवायला होतील.

मंडळाच्या चिटणीस, ज्या वाचनालयात काम करतात, त्यांना हा बेत कळल्यावर त्या घरी आल्या. म्हणाल्या, "काका, राग एका माणसावर आणि शिक्षा सगळ्या गावाला?" मी म्हणालो, "गावाने टाळ्या वाजवल्या." त्या म्हणाल्या, "मीही वाजवल्या हो. मला कळलंच नाही." आणि रडल्या. मला रडणाऱ्या माणसांशी काय बोलावे ते समजत नाही. मी त्यांना पाणी दिले. माझे मोठे भिंग त्यांना द्यावे. त्यांची नजर अधू झाली आहे. गोदामाविषयीचा माझा निर्णय बदललेला नाही.

७. माझ्यासाठी शोकसभा घेऊ नये. कोणी घेतलीच तर भाचीने वीज बंद करावी. ते तिला येते.

८. कॅसेट. हे कलम भाचीने नीट वाचावे.

एक कॅसेट वाचली आहे. टेपरेकॉर्डरचे झाकण अडकले होते, म्हणून पत्नीने तो आजारी पडण्यापूर्वी भाचीच्या दुकानात दुरुस्तीला टाकला होता. पुढे कोणाला त्याची आठवण राहिली नाही. भाचीने फळी आवरताना तो काढला, उघडला, तर आत कॅसेट होती. तिने दुकानाचे दार लोटले, मला स्टुलावर बसवले आणि कळ दाबली. त्या दुपारविषयी मी काही लिहीत नाही.

कॅसेटमध्ये माझी पत्नी अध्यक्षांच्या आईशी बोलते आहे. त्या बाई आता नाहीत. फार गोड बाई होत्या. माझे भांडण त्यांच्याशी नाही, हे इथे नोंदवतो. त्यांचा आवाज इतरत्र कुठेही नाही. अध्यक्षांनी गावभर भाषणे केली, स्वतःच्या आईला बोलायला बसवले नाही. ते काम माझ्या पत्नीने केले.

ही गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली. ते आले. या वेळी खुर्चीत बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"आईची कॅसेट तुमच्याकडे आहे म्हणतात."

मी दाराची कडी धरून उभा होतो.

"माझ्याकडे तिचा आवाज नाही हो कुठे. एक शब्दसुद्धा नाही."

मी म्हणालो, "जुनी कॅसेट आहे. बुरशी धरली असेल."

त्यांनी चौकटीवर हात टेकला. मग म्हणाले, "त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही." मी म्हणालो, "माझ्या आलं." त्यानंतर ते अनेकदा आले. मी दार उघडले नाही.

माझी इच्छा अशी. भाचीने या कॅसेटवरून एकच प्रत तयार करावी. तीत माझ्या पत्नीचा आवाज पूर्ण ठेवावा आणि अध्यक्षांच्या आईचा आवाज सगळा काढून टाकावा. अध्यक्षांच्या माणसांनी रिकाम्या जागा जोडून टाकल्या होत्या. तसे करू नये. आई जितका वेळ बोलल्या तितका वेळ तिथे शांतता ठेवावी. ही प्रत अध्यक्षांना माझ्या मृत्यूनंतर त्यांच्या हातात द्यावी. मूळ कॅसेट माझ्याबरोबर जाळावी. दुसरी प्रत काढू नये.

वकिलांना विचारले. ते म्हणाले, कॅसेट तुमची, तुम्ही काहीही करा. आवाज कोणाचा, हे मात्र मला विचारू नका.

भाचीला हे पटलेले नाही. ती म्हणाली, "काका, हा दुष्टपणा आहे."

मी म्हणालो, "आहे."

"आणि मावशीला आवडला असता?"

"नसता. म्हणून ती असताना केला नाही."

त्यावर ती दोन दिवस घरी आली नाही. मग कानाला हेडफोन लावून कामाला बसली. मी वर लिहिले तेच खरे, ती काम अर्धवट टाकत नाही. सगळे जमले, एका जागी अडले. कॅसेटच्या शेवटी माझी पत्नी विचारते, "खरं सांगा काकू, हा लहानपणीही एवढंच बोलायचा का हो?" त्यावर आई उत्तर देतात. आणि मग दोघी एकदम हसतात, खूप वेळ. भाची म्हणाली, "काका, उत्तर कापता येतं. हसणं वेगळं होत नाही. एकीचं काढलं की दुसरीचं जातं. काय करू?"

मी तिला विचार करून सांगतो म्हटले. विचार झाला आहे.

उत्तर कापावे. ते मी ऐकले आहे. चांगले आहे. ते मी इथे लिहीत नाही आणि भाचीनेही कोणाला सांगू नये, अध्यक्षांनी पाय धरले तरी.

हसणे तसेच ठेवावे. त्यांची आई त्यांना तेवढीच मिळेल. त्या तेवढ्यासाठी ते ती प्रत जिवापाड जपतील. बुरशी धरू देणार नाहीत, टाकणार नाहीत, मुलानातवंडांना जपायला सांगतील. आणि हसण्यापर्यंत पोचायचे तर दर वेळी त्यांना माझ्या पत्नीचे सगळे प्रश्न, एकही न गाळता, ऐकावे लागतील.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. त्यात खोडण्यासारखे काही आढळले नाही.

सही: ____________
(मृत्युपत्र करणारा)

आम्ही दोघांनी यांना आमच्या डोळ्यांदेखत सही करताना पाहिले व त्यांच्यासमक्ष, एकमेकांसमक्ष, आमच्या सह्या केल्या. मजकूर त्यांनी आम्हाला वाचू दिलेला नाही.

साक्षीदार पहिला: सही, दवाखान्याचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: सही, फेरीबोटीचे तिकीट देणारे, शेजारी

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: ३ मार्च, सोमवार